शेलच्या सर्क सीमला सॉ मशिन कसं लावावं, वायर नेमकी कुठे धरावी

सपाट प्लेटवर सुरेख बीड (वेल्डची पट्टी) मारणारं सॉ मशिन, म्हणजे सबमर्ज्ड आर्क वेल्डिंगचं मशिन, शेलच्या (टाकीच्या नळकांड्याच्या) गोल जॉइंटवर, म्हणजे सर्क सीमवर, आलं की बीड बिघडतो, आणि मग करंट-व्होल्टेजचे नॉब फिरवणं सुरू होतं. बहुतेक वेळा दोष तिथे नसतोच, तो वायरच्या जागेत असतो. इथे उदाहरणाला 1500 मिमी व्यासाचा, 20 मिमी जाड माइल्ड स्टीलचा शेल, 4 मिमी वायर, अ‍ॅग्लोमरेटेड फ्लक्स (आर्क झाकणारी दाणेदार पावडर) आणि वायरला पॉझिटिव्ह डीसी धरलं आहे. कामाला डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची मंजूर लेखी पद्धत) असेल तर आकडे त्यातलेच पाळायचे.

आधी मशिनची नेमप्लेट वाचा. 60 टक्के ड्युटी सायकलला (दहापैकी सहा मिनिटं चालवून) 600 अँपिअर देणारं मशिन सलग चालवायचं तर साधारण 465 अँपिअरच झेपतात. या शेलचा एक फेरा 4.7 मीटरचा, म्हणजे मिनिटाला 450 मिमी वेगाने दहा मिनिटांहून जास्त. त्यामुळे 100 टक्क्यांचाच आकडा धरा.

अर्थिंग रोटेटरच्या (शेल फिरवणाऱ्या रोलर-यंत्राच्या) फ्रेमला लावू नका. करंट रोलरच्या बेअरिंगमधून परत जातो आणि बेअरिंग जळतं. फिरतं अर्थ क्लॅम्प थेट शेलला लावा.

फ्लक्स 300 ते 350 अंशांवर दोन तास भाजा, ट्रेमधला थर 50 मिमीच्या आत ठेवा, नंतर होल्डिंग ओव्हनमध्ये काढा. गोणीवर वेगळं तापमान दिलं असेल तर तेच खरं. ‘गोणी नवी आहे, भाजायची गरज नाही’ हे पावसाळ्यात तरी ऐकू नका, बीडवर पिनहोल दिसतील. जॉइंट ग्राइंड करून चकचकीत करा. रूट गॅप (जॉइंटच्या तळाची फट) 0.8 मिमीपेक्षा जास्त असेल तर रूट आधी हाताने 7018 रॉडने मारून घ्या, नाहीतर सॉ आरपार जाईल.

आता वायरची जागा. ‘वायर बरोबर माथ्यावर ठेवा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. वितळलेला धातू (म्हणजे पूल) आणि त्यावरचा स्लॅग (वितळलेल्या फ्लक्सचा थर) थिजायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात शेल पुढे सरकलेला असतो. वायर माथ्यावर असेल तर पूल उतारावर थिजतो. म्हणून वायर नेहमी फिरण्याच्या उलट बाजूला सरकवायची, म्हणजे पूल थिजताना सपाट जागी येतो. शेलच्या तोंडासमोर उभे राहा. तो घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत असेल तर बाहेरच्या सीमला वायर 12 च्या अलीकडे, 11 च्या बाजूला. आतल्या सीमला 6 च्या अलीकडे, 5 च्या बाजूला. दोन्हीकडे नियम एकच: वायरखालचा बिंदू अजून माथ्यावर किंवा तळाला पोचायचा असला पाहिजे.

किती सरकवायची? 300 मिमी व्यासाला 20 ते 25 मिमी, 750 ला 30 ते 40, आपल्या 1500 ला 50 ते 65, आणि 1800 च्या पुढे साधारण 75. माथा डोळ्याने ठरवू नका. शेलवर स्पिरिट लेव्हल आडवी ठेवा, बुडबुडा मधोमध आला की लेव्हल जिथे टेकली आहे तिथे खडूची रेघ मारा आणि तिथून टेपने मोजा. करंट किंवा वेग वाढवला की पूल लांबतो, तेव्हा अंतरही थोडं वाढवावं लागतं.

खरी फसगत पुढे आहे. बाहेरच्या सीमला अंतर कमी पडलं तर धातू वायरपासून मागे ओघळतो. बीड अरुंद आणि उंच होतो, आर्क खोल जातो. अंतर जास्त झालं तर धातू आर्कखाली येतो. बीड पसरट, मध्ये खोलगट, पेनिट्रेशन (वेल्ड आत शिरण्याची खोली) कमी आणि कडेला स्लॅग अडकलेला. आतल्या सीमला हे बरोबर उलटं होतं: उंच, अरुंद बीड म्हणजे अंतर जास्त, पसरट बीड म्हणजे अंतर कमी. बाहेर जमलेला ऑपरेटर आत जाऊन त्याच सवयीने दुरुस्ती करतो आणि बीड आणखी बिघडवतो. 5-5 मिमीने सरकवा, आणि प्रत्येक वेळी हातभर बीडचा स्लॅग काढून पाहा.

उंच, अरुंद बीड फक्त दिसायला वाईट नसतो. रुंदीपेक्षा खोली जास्त झाली की बीडच्या मधोमध उभा क्रॅक जातो, आणि तो पुष्कळदा वरून दिसतही नाही.

अंतर बसलं की बाकी सोपं. पहिल्या रनला 450 ते 500 अँपिअर, 28 ते 30 व्होल्ट. फिलिंगला, म्हणजे वरच्या रनना, 550 ते 600, 30 ते 32 व्होल्ट. मशिनचा 100 टक्क्यांचा आकडा याहून कमी असेल तर त्या आकड्याच्या वर जाऊ नका. स्टिकआउट (टिपच्या बाहेर आलेली वायर) 30 मिमीच्या आसपास. वेग डायलवरून धरू नका, शेलवर खडूने खुणा करून एक मिनिट मोजा. फ्लक्सचा थर 25 ते 30 मिमी. पातळ झाला तर आर्क लखलखतो, जाड झाला तर गॅस अडकून बीडवर खळगे पडतात. सुरुवातीचं टोक ग्राइंडरने उतरतं करा, फेरा पूर्ण झाल्यावर त्यावर 50 मिमी ओव्हरलॅप घ्या आणि क्रेटर (शेवटी राहणारा खळगा) भरून मगच थांबा.

आर्क दिसत नाही म्हणून चष्मा काढून ठेवायचा नाही: फ्लक्स ओघळला की लखलखाट थेट डोळ्यात येतो, आणि स्लॅग तडकून उडतो. टिप (वायरला करंट देणारं तोंड) बदलताना पॉवर सोर्स बंद हवा. रोटेटर चालू असताना रोलर आणि शेलच्या मध्ये हात नाही, हातमोजा तर मुळीच अडकता कामा नये. इमर्जन्सी स्टॉप ऑपरेटरच्या हाताशी हवा. आतल्या सीमला माणूस आत गेला तर एक्झॉस्ट ब्लोअर, 24 व्होल्टचा दिवा आणि तोंडाशी दुसरा माणूस, आणि तो आतला माणूस बाहेर येईपर्यंत तिथून हलणार नाही.