इंग्रजी पदबंध जागेवर कसे बसवावेत?

"मामाच्या घरासमोरच्या विहिरीतलं पाणी गोड आहे." हे वाक्य इंग्रजीत करायला दिलं, की मराठी माध्यमातून शिकलेली चांगली चांगली मुलं पहिल्याच शब्दाला अडतात. 'अंकल्स हाऊस' लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात. शब्द सगळे येत असतात, सुरुवात कुठून करायची ते कळत नसतं. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ही अडचण टिकून आहे. माझ्या मते त्याचं कारण असं, की आपण इंग्रजीचे नियम सुटे पाठ करतो, आपल्या मराठीशेजारी ठेवून पाहत नाही. म्हणून इथे प्रत्येक पायरीवर मराठी सोबत घेऊ.

पदबंध, म्हणजे ज्याला इंग्रजीत फ्रेज म्हणतात तो, एकत्र येऊन एका शब्दाचं काम करणारा शब्दांचा गट असतो. वरच्या वाक्यात 'मामाच्या घरासमोरच्या विहिरीतलं पाणी' काढून नुसतं 'ते' ठेवा. "ते गोड आहे." वाक्य उभं राहतं. म्हणजे ते चार शब्द मिळून एकच गट आहे.

आधी मुख्य शब्द शोधा

गोड काय आहे? पाणी. या गटाचा मुख्य शब्द तोच. मराठीत तो सगळ्यांत शेवटी येतो, इंग्रजीत मात्र 'मधलं, वरचं, समोरचं' सांगणारे गट त्याच्या मागून येतात. म्हणून पाण्यापासून उलटं चालत जायचं: पाणी, विहिरीतलं, घरासमोरच्या, मामाच्या. "द वॉटर इन द वेल इन फ्रंट ऑफ माय अंकल्स हाऊस इज स्वीट." सगळंच उलटत नाही, हेही इथेच पाहून ठेवा. 'मामाचं घर' हे 'माय अंकल्स हाऊस' असं सरळच राहिलं. 'थंड पाणी'सुद्धा 'कोल्ड वॉटर'च राहतं.

क्रियापदही मुख्य शब्दाकडे बघून ठरतं. 'आंब्यांचा दर्जा चांगला आहे' यात 'दर्जा' क्रियापदाच्या जवळ आहे, म्हणून मराठीत चूक होत नाही. इंग्रजीत 'द क्वालिटी ऑफ द मँगोज' लिहिताना 'मँगोज' जवळ येतात आणि हात 'आर'कडे वळतो. दर्जा एकच आहे, म्हणून तिथे 'इज' हवं.

मग गट त्याच्या शब्दाजवळ ठेवा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नोकरीच्या एका अर्जात मी हे वाक्य वाचलं होतं: "आय रेड युअर ॲडव्हर्टाइजमेंट फॉर अ क्लार्क इन द न्यूजपेपर." मुलाला म्हणायचं होतं, जाहिरात वर्तमानपत्रात वाचली. वाक्याचा अर्थ मात्र वर्तमानपत्रातला कारकून हवा आहे, असाही होतो. मराठीत हा घोळ होत नाही, कारण 'वर्तमानपत्रात' क्रियापदाला जोडला जातो आणि 'वर्तमानपत्रातला' नामाला. 'त' आणि 'तला' हा फरक आपले प्रत्यय सांभाळतात. इंग्रजीत दोन्हींना 'इन द न्यूजपेपर'च, त्यामुळे अर्थ जागेवरून ठरतो. तो गट उचलून पुढे आणा: "इन द न्यूजपेपर, आय रेड युअर ॲडव्हर्टाइजमेंट फॉर अ क्लार्क." आता शंका उरत नाही. लिहिताना स्वतःला विचारा, मला 'त' म्हणायचंय की 'तला'?

'इंग'ने सुरुवात करताना 'ऊन' लावून पाहा

"रीचिंग होम, इट स्टार्टेड रेनिंग" हे चूक आहे, कारण घरी पाऊस पोहोचलेला नाही. अशा गटातली क्रिया वाक्याच्या कर्त्याचीच असावी लागते. 'पोहोचल्यावर' म्हटलं तर मराठीत कर्ता बदललेला चालतो, म्हणून आपल्याला चूक दिसत नाही. 'ऊन' लावून पाहा: "घरी पोहोचून पाऊस सुरू झाला." कानाला लगेच खटकतं. जे असं खटकेल तिथे 'व्हेन' वापरून पूर्ण उपवाक्य करा: "व्हेन आय रीच्ड होम, इट स्टार्टेड रेनिंग." उलट "दार उघडून तिने आत पाहिलं" हे कानाला बरोबर वाटतं, म्हणून "ओपनिंग द डोअर, शी लुक्ड इनसाइड" चालतं.

ही कसोटी एका ठिकाणी फसते. 'मला इथे येऊन दोन वर्षं झाली' हे मराठीत अगदी शुद्ध आहे, पण त्याचं इंग्रजी शब्दाला शब्द होत नाही. तिथे "आय हॅव बीन हिअर फॉर टू इयर्स" असंच लिहायचं.

'टू'नंतर काय?

हेतू सांगताना 'टू' आणि मूळ क्रियापद: "आय वेंट टू द मार्केट टू बाय व्हेजिटेबल्स." 'साठी' मनात असतं म्हणून आपण 'फॉर बायिंग' लिहितो, ते टाळा. पण 'लुक फॉरवर्ड टू' (आतुरतेने वाट पाहणे) किंवा 'बी यूज्ड टू' (सवय असणे) यांतला 'टू' वेगळा आहे. त्याच्यापुढे नाम बसतं का ते पाहा. "आय ॲम यूज्ड टू द नॉइज" म्हणता येतं, म्हणून तिथे क्रियापदही 'इंग' लावून येतं: "आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली."

'मुळे' कशाला लागलाय?

'पावसामुळे' असेल तर 'बिकॉज ऑफ द रेन'. 'पाऊस पडल्यामुळे' असेल तर 'बिकॉज इट रेन्ड'. पुढे नुसतं नाम असेल तर 'ऑफ' लागतो, कर्ता आणि क्रियापद असतील तर लागत नाही. 'डिस्पाइट'ला (असूनही) मात्र 'ऑफ' कधीच नको.

वेळेचे गट थोडेच आहेत, ते पाठच करावेत: 'इन द मॉर्निंग', 'ॲट नाइट', 'ऑन संडे मॉर्निंग', आणि 'लास्ट वीक'च्या आधी काहीही नाही.

आता एक स्वतः करून पाहा: 'आजीच्या खोलीतल्या कपाटावरचा डबा'. पेन्सिल घ्या, 'डबा'खाली रेघ मारा आणि तिथून उलटं चालत या. "द टिन ऑन द कबर्ड इन ग्रँडमदर्स रूम" इथे पोहोचलात, तर घरातल्या आणखी पाच वस्तू अशाच लिहून काढा.