कूलरचा कंट्रोल बोर्ड चीनऐवजी नागपुरात बनवून घ्यायचा, तर

कूलरचा हंगाम होळीच्या आसपास उघडतो आणि मृगाचा पाऊस पडला की संपतो. चिनी नववर्ष येतं २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान. नागपूरच्या कूलरवाल्याला बोर्ड हवे असतात, नेमकं तेव्हाच तिकडे शटर खाली. डिसेंबरमध्येच पैसे अडकवा, नाहीतर मार्चमध्ये हात चोळत बसा. इलेक्ट्रॉनिक्सच्या नोकऱ्या मायदेशी आणाव्यात का, हा वाद अमेरिकेत चालतो तसाच इथेही चालतो. नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी औद्योगिक वसाहतींत मात्र तो याच तारखांपासून सुरू होतो.

आधी हिशेब, आणि तो खरा. तयार बोर्ड भाडं-विम्यासकट न्हावा शेवा बंदरात १०० रुपयांत पडला आणि बेसिक ड्युटी १० टक्के धरली, तर ड्युटी १० रुपये, तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे १ रुपया, आणि १११ वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १९ रुपये ९८ पैसे. तुमच्या मालाचा खरा दर एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) देऊन सीएचएकडून (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडून) लेखी घ्या. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो किमतीत धरू नका. माल विकेपर्यंत तो पैसा अडकतो, त्याचं व्याज मात्र धरा. पुढे क्लिअरिंग, नागपूरपर्यंतची गाडी आणि खराब निघालेले बोर्ड. हे शेवटचं कलम बहुतेक जण विसरतात. वीस-पंचवीस खराब बोर्ड कोणी चीनमधल्या शेन्झेनला परत पाठवत नाही, ते सरळ तोट्यात जातात.

उलट कस्टम्सच्या वर्गीकरणातल्या ८५४२ या शीर्षकातल्या आयसींवर (चिपवर) १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे बेसिक ड्युटी शून्य आहे. सुटे भाग आणून इथे असेंब्ली करण्यातला फायदा बराचसा इथून येतो. पण भ्रम नको. मायक्रोकंट्रोलर (बोर्डचा मेंदू असलेली चिप), बरेचसे रिले (मोटर-पंप चालू-बंद करणारे स्विच), बहुतेक कपॅसिटर बाहेरूनच येणार. परत येते ती असेंब्ली. ‘संपूर्ण स्वदेशी’ असं बॉक्सवर छापायची घाई करू नका. सरकारी खरेदीत २०१७ च्या आदेशाप्रमाणे पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार ठरायला किमान ५० टक्के स्थानिक मूल्य लागतं, आणि आयात सुट्या भागांची किंमत त्यात धरत नाहीत.

आता माणसं किती लागतील? एका बोर्डवर ४८ एसएमडी भाग (बोर्डच्या पृष्ठभागावरच मशीनने बसणारे बारीक भाग) आणि हाताने लावायचे १५ भाग धरा (रिले, टर्मिनल, फ्यूज, व्होल्टेजचा झटका झेलणारा एमओव्ही, मोठे कपॅसिटर). ताशी ८,००० भाग लावणारं लहान पिक-अँड-प्लेस (भाग उचलून बोर्डवर ठेवणारं) मशीन प्रत्यक्षात साठ टक्के, म्हणजे ४,८०० देतं. हजार बोर्ड दहा तासांत. हाताचे १५ भाग पाच-पाच सेकंदांचे म्हणजे ७५ सेकंद, टचअप (सोल्डरची दुरुस्ती) ४५, टेस्टिंग ६०, कोटिंग-पॅकिंग ३०. बोर्डमागे २१० सेकंद, हजारामागे ५८ तास. म्हणजे रोजगार मशीनपाशी नाही, टेबलावर आहे. आयटीआयचा ‘इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक’ ट्रेड झालेली मुलं-मुली इथे लागतात. सुरुवातीला स्वतःची लाइन टाकूच नका. एसएमडीचं काम जॉबवर्कला (मजुरीवर बाहेरच्या कारखान्याला) द्या आणि टेबलाचं काम आपल्याकडे ठेवा. माल डिलिव्हरी चलनावर जातो आणि जीएसटी कायद्याप्रमाणे एका वर्षात परत यावा लागतो.

जॉबवर्करकडे जाण्याआधी डिझाइन सुधारा. ०६०३ आकाराच्या रेझिस्टरची रील ५,००० नगांची असते. ४.७ के (किलोओहम) आणि ५.१ के दोन्ही वापरलेत, तर दोन रील, दोन फीडर (मशीनला रील पुरवणारे भाग). चालत असेल तिथे एकच किंमत ठेवा. लहान चिप भाग दोन-तीन टक्के जास्त द्या, कारण फीडरला टेपचं तोंड लावतानाच काही वाया जातात. आठ बोर्डचं पॅनेल करा, दोन बाजूंना ५ मिमी पट्टी आणि १ मिमीच्या तीन फिड्युशियल खुणा (मशीनच्या कॅमेऱ्याला जागा कळण्यासाठी) ठेवा. सिरॅमिक कपॅसिटर व्ही-कटपासून (बोर्ड सुटे करायच्या खाचेपासून) ५ मिमी तरी दूर आणि कटला समांतर असू द्या. पॅनेल गुडघ्यावर ठेवून मोडलं की कटजवळच्या कपॅसिटरला केसासारखी चीर जाते. टेस्टला बोर्ड पास होतो आणि मे महिन्यात ग्राहकाच्या घरी बंद पडतो. तोडायला व्ही-कट कटर वापरा.

आता लाइनवरची काळजी: ती आज जॉबवर्करकडे तपासा, उद्या स्वतःची लाइन टाकलीत तर स्वतः पाळा. सोल्डर पेस्ट (भाग चिकटवणारी, सोल्डरच्या कणांची लई) हा नागपुरातला सगळ्यात नाजूक माल. फ्रिजमध्ये २ ते १० अंशांवर ठेवायची आणि वापरायच्या चार तास आधी झाकण न उघडता बाहेर काढायची. गार डबा उघडला की हवेतली वाफ आत बसते आणि रिफ्लोमध्ये (ओव्हनमध्ये पेस्ट वितळवताना) सोल्डरचे बारीक गोळे उडतात. प्रिंटिंगची खोली २२ ते २६ अंशांवर हवी. ४५ अंशांच्या दुपारी पेस्ट पसरते आणि आयसीच्या पायांत शॉर्ट होतात. स्टेन्सिल (पेस्ट छापायचा भोकांचा पत्रा) ०.१२ मिमी, पेस्ट ओढणाऱ्या ब्लेडचा कोन ६० अंश, आणि दर दहाएक प्रिंटनंतर स्टेन्सिलचा खालचा भाग पुसा.

इथे एक गंमत आहे. कूलरचे बोर्ड जिथे बनतात तिथे कूलर चालत नाही. त्याची दमट, धूळभरली हवा पेस्टला मारक. पण एप्रिल-मेची कोरडी हवाही वाईट, आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली की स्टॅटिकने (अंगावर साठणाऱ्या विजेने) आयसी मरतात. एसीसोबत ह्युमिडिफायर लावून ४० ते ६० टक्के राखा, आणि प्रत्येक टेबलावर १ मेगाओहमचा रिस्ट स्ट्रॅप (ही वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा) ठेवा. पावसाळ्यात दुखणं उलटं. एमएसएल-३ (ओलाव्याला नाजूक या वर्गातल्या) आयसीचं पाकीट उघडल्यावर ३० अंश, ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासच मिळतात. वेळ पाकिटावर पेनने लिहा.

रिफ्लोमध्ये एसएसी३०५ हा शिसं नसलेला सोल्डरचा मिश्रधातू २१७ अंशांना वितळू लागतो. शिखर २४० च्या आसपास, २१७ च्या वर ६० ते ९० सेकंद. तापमान बोर्डला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून मोजा, मशीनच्या स्क्रीनवर विसंबू नका. कन्व्हेयर यूपीएसवर हवा, हीटर नको. वीज गेली आणि पट्टा थांबला तर आतले बोर्ड जळतात. चिप एका टोकावर उभी राहत असेल तर बहुधा एका पॅडला मोठं तांबं जोडलेलं आहे. थर्मल रिलीफ द्या, म्हणजे पॅड त्या तांब्याला बारीक पट्ट्यांनीच जोडा.

पहिला बोर्ड ओव्हनमध्ये घालण्याआधी एलसीआर मीटरने (रेझिस्टर-कपॅसिटरची किंमत मोजणाऱ्या) तपासा. रेझिस्टरवर आकडे असतात, सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच नसतं. चुकीची रील लागली, तर मोजल्याशिवाय कळत नाही आणि अख्खा लॉट जातो.

टेस्टिंगला पोगो-पिनचा (स्प्रिंगवाल्या पिनांचा) जिग करा. प्रोग्रॅमिंग मेन्स बंद ठेवूनच करा. कपॅसिटर-ड्रॉपर सप्लायवर (ट्रान्सफॉर्मरऐवजी कपॅसिटरने व्होल्टेज उतरवणाऱ्या) बोर्डची ‘ग्राउंड’ थेट फेजला लागलेली असू शकते, लॅपटॉप तर जाईलच, माणूसही जाऊ शकतो. मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि सिरीजला १०० वॉटचा फिलामेंट बल्ब. बल्ब भक्कन पेटला तर शॉर्ट. रिलेची परीक्षा खऱ्या मोटर-पंपावर घ्या. रिलेवरचे १० अँपिअर साध्या रेझिस्टिव्ह लोडसाठी असतात, मोटर सुरू होताना काँटॅक्ट चिकटतात.

कोटिंग (बोर्डवरचा संरक्षक थर) टाळू नका. टाकीच्या वाफेत उघडा बोर्ड एक हंगामही धड काढत नाही. आधी फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरलेलं रसायन) धुवा. फ्लक्सवरच अॅक्रिलिक मारलं तर खाली ओल कोंडून पांढरी बुरशीसारखी रेघ उगवते आणि बटण न दाबता पंप सुरू होतो. टर्मिनल, बटणं आणि उघड्या रिले टेपने झाका, सुकल्यावर यूव्ही दिव्याखाली पाहा. जिथे चमक नाही तिथे कोटिंग नाही.

पहिले शंभर बोर्ड नोव्हेंबरमध्ये काढा आणि त्यातले दहा चालू कूलरमध्ये पाण्यासकट ७२ तास लावून ठेवा. मोठा लॉट डिसेंबरच्या शेवटी. सुट्या भागांची ऑर्डर ऑक्टोबरमध्येच गेलेली हवी, कारण नववर्षाची सुट्टी रिले आणि आयसीवाल्यांनाही लागू आहे.