अॅक्सेलरोमीटरवरून अंतर काढताय? या चुका टाळा

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतले प्रोजेक्ट मी दर वर्षी बघतो. जीपीएसशिवाय, नुसत्या अॅक्सेलरोमीटरवरून (त्वरण, म्हणजे वेगातला बदल, टिपणाऱ्या सेन्सरवरून) गाडी कुठे पोचली ते दाखवणारा एक तरी प्रोजेक्ट असतोच, आणि तो दर वेळी त्याच जागी अडतो. मुलं हुशार असतात, पण सेन्सर हातात पडल्या पडल्या त्यांना लॅपटॉपवर नकाशा हवा असतो.

अॅक्सेलरोमीटर गती मोजतो असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. चिपच्या आत सिलिकॉनचा सूक्ष्म ठोकळा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. तो किती सरकला हे धारितेतल्या (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतल्या) बदलावरून कळतं, बस्स एवढंच. टेबल सेन्सरला खालून रेटतं, म्हणून टेबलावर स्वस्थ पडलेला सेन्सर वरच्या दिशेनं 1 जी (गुरुत्वत्वरणाइतकं, सेकंद वर्गाला साधारण 9.8 मीटर) दाखवतो. हातातून सुटून खाली पडत असताना मात्र तिन्ही अक्षांवर जवळपास शून्य. गुरुत्व वजा करायचं काम तुमचं, आणि त्यासाठी सेन्सर नेमका किती कलला आहे हे आधी ठाऊक हवं. एक अंशाची चूक झाली तरी आडव्या अक्षात सेकंद वर्गाला 0.17 मीटर इतकं खोटं त्वरण घुसतं. दोनदा इंटिग्रेट केलं (त्वरणाची वेळेनुसार बेरीज करून वेग आणि वेगाची करून अंतर काढलं) की एका मिनिटात त्याचे 300 मीटर होतात.

एका ग्रुपनं सेन्सर स्कूटरच्या पायदानाला पक्का बसवला, स्कूटर साइड स्टँडवर लावली आणि कॅलिब्रेशनचं (सेन्सरचा शून्य ठरवण्याचं) बटण दाबलं. मग गंगापूर रोडनं शहराकडे निघाले. स्कूटर स्टँडवर डावीकडे साधारण दहा अंश कललेली होती. तो कल प्रोग्रामनं ऑफसेट (सेन्सरच्या शून्यातली मुळातली चूक) समजून पोटात घेतला. स्कूटर सरळ उभी राहताच डावीकडे सेकंद वर्गाला 1.7 मीटरचं त्वरण सतत दिसायला लागलं. पहिल्याच मिनिटात नकाशावरची स्कूटर गोदावरी ओलांडून तीन किलोमीटरवर मखमलाबादच्या अंगाला गेली होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी काय केलं? इंटरनेटवरून कालमन फिल्टर (चुका असलेल्या रीडिंगमधून खरा आकडा अंदाजणारी गणिती पद्धत) उचलून आणला आणि चार दिवस त्याचे आकडे बदलत बसले. फिल्टर वाईट नाही. पण ऑफसेट म्हणजे काय हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं फिल्टरला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी पद्धत जुनी आहे. टेबलावर पेन्सिलीनं काटकोन आखतो, सेन्सरची कड त्याला लावून रीडिंग घेतो, मग सेन्सर तिथल्या तिथे 180 अंश फिरवून पुन्हा घेतो. आडव्या अक्षांच्या दोन रीडिंगची सरासरी म्हणजे ऑफसेट, फरकाचा निम्मा भाग म्हणजे टेबलाचा उतार. टेबल सपाट नसलं तरी अडत नाही. नंतर प्रत्येक अक्ष एकदा वर, एकदा खाली, अशी सहा बाजूंची रीडिंग. अर्ध्या तासाचं काम आहे, पण तेवढाही धीर कोणाला नसतो. एमपीयू 6050 या नेहमीच्या सेन्सर चिपच्या डेटाशीटमध्येच आडव्या अक्षांचा ऑफसेट 50 मिली-जीपर्यंत (एका जीच्या विसाव्या भागापर्यंत) असू शकतो असं छापलंय. तो तसाच सोडला तर मिनिटाला जवळजवळ 880 मीटरची चूक. विमानांतल्या महागड्या इनर्शियल प्रणालीसुद्धा (त्वरण आणि वळणं मोजून जागा काढणाऱ्या) तासाभरात साधारण एक सागरी मैल सरकतात, मग आपल्या स्वस्त चिपकडून तासभर नकाशा मागणं चूकच.

पुस्तकातला 9.81 डोळे मिटून वजा करू नका. नाशिकला गुरुत्वत्वरण साधारण 9.785 आहे, त्या फरकानं उंचीत मिनिटाला 45 मीटर जातात.

रेंज ±2 जी वर ठेवून शहरात फिरू नका. स्पीडब्रेकरच्या धक्क्याला रीडिंग वरच्या वर कापलं जातं आणि वेगाचा हिशेब तिथेच बिघडतो. मी ±8 लावतो.

फोमची दुहेरी टेप नको, स्क्रू लावा. फोमवर सेन्सर स्वतःच हलत राहतो.

दोन रीडिंगमधला वेळ दर वेळी मोजा, ठरावीक धरू नका. चिप गरम होऊन स्थिर होईपर्यंत थांबा, तापमानाबरोबर ऑफसेट सरकतो.

"रीडिंग स्थिर आलं म्हणजे गाडी थांबली" हा शॉर्टकट बहुतेक जण मारतात. गुळगुळीत रस्त्यावर एकसारख्या वेगानं जाताना आणि सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) सिग्नलला उभं असताना सरासरी रीडिंग एकच येतं. चाकाला लोहचुंबक आणि त्याच्याजवळ हॉल सेन्सर (लोहचुंबक समोरून गेलं की विजेचा पल्स देणारा) लावा. थोडा वेळ पल्स आला नाही की वेग शून्य करा, आणि त्या थांब्यात ऑफसेटही नव्याने तपासून घ्या. स्टँड न लावता, स्कूटर सरळ धरून.