दीर्घिकासमूहातील कृष्णद्रव्याचा नकाशा कसा काढावा

आषाढात पुण्याच्या आकाशात आठ-आठ दिवस एक तारा दिसत नाही, तरीही कृष्णद्रव्याचा, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या आणि केवळ गुरुत्वाकर्षणाच्या परिणामातून कळणाऱ्या द्रव्याचा, नकाशा काढण्याचे काम इथे बसून करता येते. कारण हवाई बेटावरील 8.2 मीटर व्यासाच्या सुबारू दुर्बिणीने टिपलेल्या विस्तृत सर्वेक्षणाची माहिती सर्वांसाठी खुली आहे. आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेतील व्याख्याने ऐकून ज्या विद्यार्थ्यांच्या मनात हा विषय घर करून राहिला आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहीत आहे.

समूहाच्या वस्तुमानामुळे मागून येणारा प्रकाश वळतो आणि मागच्या दीर्घिकांचे आकार केंद्राभोवती स्पर्शिकेच्या दिशेने किंचित ताणले जातात. दीर्घिका मात्र मुळातच लांबट असतात. त्या लांबटपणाचा विखुरलेपणा 0.3 आणि ताण 0.03 धरला, तर शंभर दीर्घिकांच्या सरासरीत खूण (म्हणजे हा ताण) आणि गोंगाट (म्हणजे मूळच्या लांबटपणामुळे येणारी अनिश्चितता) जेमतेम बरोबरीला येतात. खूण गोंगाटाच्या तिप्पट हवी असेल, तर नऊशे लागतात.

प्रथम वेगवेगळ्या रंगांतील तेजस्वितेवरून ताम्रसृतीचा (दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला आहे याचा; त्यावरून अंतर कळते) अंदाज घेऊन समूहामागच्या दीर्घिका निवडाव्यात. समूहातल्याच दीर्घिका त्यांत मिसळल्या, तर विशेषतः केंद्राजवळ खूण पातळ होऊन वस्तुमान कमी भरते. म्हणून शंका येईल ती दीर्घिका सरळ वगळावी.

यानंतरच्या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. तारा हा आपल्या दृष्टीने बिंदूच; तोच छायाचित्राच्या एका कोपऱ्यात तिरका, लांबट दिसला, तर तो दोष वातावरणाचा आणि दुर्बिणीचा असतो. ताऱ्यांवरून हा दोष छायाचित्रभर मोजून प्रत्येक दीर्घिकेच्या आकारातून काढून टाकावा, मात्र काही तारे या मोजणीत न घेता बाजूला ठेवावेत आणि दुरुस्ती खरोखर लागू पडली की नाही, हे त्यांच्यावर तपासावे.

दुरुस्त केलेल्या आकारांवरून, कैसर आणि स्क्वायर्स या खगोलशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये मांडलेल्या रीतीने, फूरिये रूपांतर या गणिती पद्धतीच्या साहाय्याने वस्तुमानाची घनता काढता येते. सर्वत्र सारखा पसरलेला थर आकारांत ताण निर्माण करत नाही, म्हणून या नकाशातून चढउतार कळतात, एकूण वस्तुमान थेट कळत नाही.

आता प्रत्येक दीर्घिकेची दिशा 45 अंशांनी फिरवून तोच नकाशा पुन्हा काढावा. वस्तुमानामुळे आलेला ताण या फिरवलेल्या नकाशात उमटत नाही, म्हणून त्यात गोंगाटाखेरीज काही उरता कामा नये. माझ्या पहिल्या नकाशात पूर्वेला एक सुरेख उंचवटा होता आणि फिरवलेल्या नकाशातही तो त्याच जागी आला, तेव्हा ताऱ्यांची दुरुस्ती अपुरी राहिली होती हे लक्षात आले. तो उंचवटा सोडून देणे मला फार जड गेले.

ही परीक्षा उतरल्यावरच नकाशावर क्ष-किरणांत दिसणाऱ्या तप्त वायूच्या समोच्च रेषा काढाव्यात. दोन समूहांच्या टकरीतून बनलेल्या 'बुलेट' समूहात बहुतांश साधे द्रव्य या वायूतच आहे, पण त्या टकरीत तो मागे रेंगाळला आणि वस्तुमानाची शिखरे दीर्घिकांसोबत पुढे निघून गेलेली आढळली. म्हणजे बहुतांश वस्तुमान या वायूत नसून कृष्णद्रव्यात आहे; 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष याच पद्धतीने काढलेल्या नकाशावर उभा आहे.