वीज आणि पाण्याचे बिल कमी करताना या चुका टाळा

बिल हातात आले की बहुतेक घरांत दोनच गोष्टी पाहिल्या जातात: भरायची रक्कम आणि शेवटची तारीख. रक्कम नेहमीपेक्षा जास्त दिसली की दिवे चालू ठेवल्याबद्दल मुलांना बोलणी बसतात, मोबाइलचे चार्जर प्लगमधून उपटले जातात, आणि पुढच्या महिन्याचे बिल तरीही जवळपास तेवढेच येते. काटकसर करण्याची इच्छा असते, पण तो आकडा कोठून आला हे पाहिलेले नसल्यामुळे ती नको त्या ठिकाणी खर्ची पडते.

मुंबईत कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण वीज देते. प्रत्येकाच्या बिलाचा साचा निराळा असला तरी दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मंजूर केलेले असतात आणि आतले घटक तेच असतात: स्थिर आकार, ऊर्जा आकार (वापरलेल्या युनिटांचा), वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), प्रसंगी इंधन समायोजन आकार (इंधनाच्या बदलत्या खर्चाचा), आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. घर महिनाभर बंद असले तरी स्थिर आकार लागतोच, त्यामुळे गावाहून परतल्यावर बिल शून्य का आले नाही म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही.

मागच्या महिन्याशी तुलना करणे ही पहिली चूक आहे. मुंबईत जानेवारीचे बिल आणि मेचे बिल यांची बरोबरी होऊच शकत नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात सप्टेंबरपेक्षा बिल वाढणे हेही स्वाभाविक आहे. तुलना करायची ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, आणि तीही रुपयांची नव्हे, युनिटांची. शिवाय रीडिंग कधी २८ दिवसांनी तर कधी ३३ दिवसांनी घेतले जाते, म्हणून एकूण युनिटांना दिवसांनी भागून रोजचा वापर काढल्याशिवाय वापर खरोखर वाढला की नाही हे कळत नाही.

स्लॅबविषयीचा गैरसमज तर सुशिक्षित घरांतही पक्का बसलेला आहे. घरगुती दराचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. ३०१ वे युनिट पडले की अख्खे बिल वरच्या दराने लागते, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. समजा ३२० युनिटे वापरली, तर पहिली १०० पहिल्या दराने, पुढची २०० दुसऱ्या दराने आणि फक्त शेवटची २० तिसऱ्या दराने मोजली जातात. याचा उपयोगाचा भाग असा की आपण वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते. म्हणून बचतीचा हिशेब बिलाच्या सरासरी दराने न करता शेवटच्या टप्प्याच्या दराने करावा.

यानंतर पाहायचे ते रीडिंग. बिलावर मागील आणि चालू रीडिंग छापलेले असते आणि ते प्रत्यक्ष घेतले की सरासरीने धरले, हेही लिहिलेले असते. सरासरीचे बिल कमी आले म्हणून गप्प राहणे महागात पडते, कारण प्रत्यक्ष रीडिंग झाले की राहिलेली सगळी युनिटे एकदम अंगावर येतात. २०२० च्या टाळेबंदीत हेच झाले. मीटर वाचन बंद असल्यामुळे उन्हाळ्याची बिले हिवाळ्याच्या सरासरीने गेली आणि जूनमध्ये मुंबईकरांचे डोळे पांढरे झाले. अशा वेळी साचलेली युनिटे त्या-त्या महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याच्या स्लॅबचा लाभ दिलेला आहे ना, हे तपासावे. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवला की या सगळ्या वादात हातात पुरावा राहतो.

तो मीटर आपलाच आहे ना, हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. मलाही वाटला होता. आमच्या इमारतीच्या मीटर केबिनची दुरुस्ती झाली, त्यानंतर दोन महिने आमचे बिल फुगत गेले आणि समोरच्या बिऱ्हाडाचे उतरत गेले. समोरचे काका बिचारे स्वतःच्या काटकसरीवर खूश होते. अखेर एका दुपारी मी घरातला मेन स्विच बंद करून खाली गेलो, तर आमच्या क्रमांकाच्या मीटरवरचा लाल दिवा खुशाल लुकलुकत होता. वायरी अदलाबदल होऊन काकांचा एसी आमच्या खात्यावर चालला होता.

ही चाचणी कोणालाही करता येते, फक्त केबिनमधल्या कशालाही हात लावायचा नाही. मीटरच्या पाटीवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा असतो, उदाहरणार्थ ३२००. मिनिटात १६ वेळा लुकलुकला तर त्या क्षणी घरात ३०० वॅटचा भार चालू आहे. मेन बंद असताना दिवा स्थिर हवा. तसा नसेल, तर लेखी तक्रार करून मीटर व जोडणी तपासून घ्यावी.

वादग्रस्त बिल भरायचेच नाही, हा बाणा मात्र घातक ठरतो. वीज अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते, आणि तशी भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. कंपनीकडे दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल अशी वाट आहे. त्याच कलमानुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा ‘आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश आला तर तो भामट्यांचा आहे हे ओळखावे.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळू. मुंबईच्या घरात पंखा जवळजवळ बाराही महिने फिरतो, आणि तरीही बचतीच्या चर्चेत त्याचे नाव निघत नाही. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. तो रोज १८ तास चालला तर महिन्याला सुमारे ४० युनिटे होतात. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे तेवढ्याच वापराला १६ युनिटे. वरच्या ३२० युनिटांच्या घरात एकच पंखा बदलला तरी तिसऱ्या टप्प्यातली सगळी २० युनिटे निघून जातात. गीझरचे गणितही असेच आहे. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर रोज २० मिनिटे चालला की महिन्याला ३० युनिटे होतात, त्यामुळे बटण चालू करून पेपर वाचत बसण्याची सवय सोडलेली बरी. एसीबाबत २० अंशांवर लावून पांघरूण घेणे ही आपली खास चैन आहे. नवा एसी चालू करताच आपोआप लागणारे तापमान २०२० पासून २४ अंश ठेवण्याचा नियम झाला, तो यासाठीच. बाहेरचा युनिट ग्रिलमध्ये कुंड्या, खोकी आणि वाळत घातलेले कपडे यांनी वेढलेला असेल, तर गरम हवा तिथेच घुटमळते आणि कॉम्प्रेसर विनाकारण राबतो.

पावसाळ्यात भिंती ओलावल्या की ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच, वारंवार ट्रिप होतो, आणि एखादा वायरमन तो काढून थेट जोडणी करून देतो. ही चूक बिलाची नाही, जिवाची आहे. दोष शोधून दुरुस्त करावा, संरक्षण काढू नये.

पाण्याच्या बाबतीत मूळ अडचण अशी की बहुतेक सोसायट्यांत महापालिकेचा मीटर इमारतीला एकच असतो आणि बिल मेंटेनन्समध्ये मिसळून येते. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पाणीपट्टीची वाटणी प्रत्येक घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवरून होते, वापरावरून नाही. त्यामुळे एका घरातली गळती सगळे मिळून भरतात आणि म्हणून कोणालाच ती बोचत नाही. शिवाय मीटरने येणाऱ्या पाण्याच्या आकारावर मलनिस्सारण आकार ७० टक्के लागतो, आणि वाया गेलेले पाणी आधी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवलेले असते. म्हणजे एका गळतीचे पैसे पाण्यात, मलनिस्सारणात आणि सामाईक विजेत असे तीनदा जातात.

घरातली सर्वांत छुपी गळती फ्लशच्या टाकीत असते. रात्री झोपताना टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग, जिलेबीचा म्हणा ना, टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलेला आहे. ठिबकणाऱ्या नळाखाली लिटरचे माप ठेवून ते किती वेळात भरते ते पाहावे. तासात भरले तर महिन्याला ७२० लिटर गेले.

तलावांतून येणाऱ्या मुंबईच्या पाण्यात विरघळलेले क्षार फारच कमी असतात. क्षार काढणारा आरओ शुद्ध करताना बरेच पाणी बाहेर टाकतो, म्हणून अशा पाण्याला तो बसवणे म्हणजे चांगले पाणी मोरीत सोडणे होय. तिथे अतिनील किरणांनी जंतू मारणारा यूव्ही फिल्टर पुरतो. टँकरचे किंवा बोअरचे पाणी असेल तर गोष्ट वेगळी. आणि सकाळी नळ आला की कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून देण्याची जुनी रीत अजून किती घरांत आहे, हे ज्याने-त्याने आपल्या स्वयंपाकघरात पाहावे.

सोसायटीचे पाणीबिल अचानक चढले असेल तर आधी वॉचमनला गच्चीवर पाठवून टाकी ओसंडते का ते पाहावे. त्यानंतर पाणी येण्याच्या वेळेत जमिनीखालच्या टाकीचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करून मीटरचा काटा पाहावा. तो फिरतच राहिला तर गळती मीटर आणि टाकी यांच्यामधल्या नळात आहे. काटा थांबला, तर रात्री पंप बंद ठेवून टाकीतली पातळी काठीने मोजावी आणि पहाटे पाणी येण्यापूर्वी पुन्हा मोजावी. फरक पडला तर टाकीला तडा आहे. ही दुरुस्ती पावसाळ्याआधीच उरकावी, कारण ज्या फटीतून पाणी बाहेर जाते, त्याच फटीतून पुरवठा नसताना गटाराचे पाणी आत येते.