दिवाळी अंक छापायला देण्यापूर्वी रंगांची तयारी

पुण्यात पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करताना, या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांकडून एक तक्रार मी नेहमी ऐकते: पडद्यावर झळकणारा केशरी रंग छापून आल्यावर मलूल का दिसतो? पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश स्वतः बाहेर टाकतो, तर कागदावरची शाई तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांतून मिळणाऱ्या रंगांचा आवाका त्यामुळे पडद्यापेक्षा बराच लहान असतो. भडक केशरी, कोवळा पोपटी आणि झगझगीत निळा हे रंग त्या आवाक्याबाहेर सर्वांत आधी जातात.

म्हणून माझा आग्रह असा आहे, की रंग निवडण्याआधी कागद ठरवावा. मुखपृष्ठाच्या आर्ट पेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर, शाई पृष्ठभागावर राहते आणि रंग उठून दिसतो. आतल्या पानांच्या मॅपलिथोवर, म्हणजे बिनलेपाच्या कागदावर, ती मुरते, छपाईचे बारीक ठिपके पसरतात आणि तेच चित्र गडद व मळकट होते. छापखान्याला पहिल्याच भेटीत कागद कोणता आणि आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर व यंत्रावर रंग कसे उमटतात याचे वर्णन करणारी फाइल) कोणते, हे दोन प्रश्न विचारावेत. युरोपीय मानकांवर चालणाऱ्या ठिकाणी गुळगुळीत कागदासाठी फोग्रा ३९ किंवा फोग्रा ५१ आणि बिनलेपाच्या कागदासाठी फोग्रा ५२ या छपाईच्या प्रमाणित मोजमापांवर आधारलेली प्रोफाइले वापरतात. तेच प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरचा अंदाज, पाहिले, की कोणता रंग हातातून निसटणार हे काम सुरू असतानाच कळते. मात्र त्यासाठी मॉनिटर कॅलिब्रेट केलेला (मोजमाप करून रंग नेमके जुळवलेला) हवा आणि त्याची उजळता साधारण १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास हवी. दुकानातून आणलेला मॉनिटर बहुधा याहून पुष्कळ प्रखर असतो आणि पाहणाऱ्याची फसगत करतो.

छायाचित्रांवरचे संस्करण मी आरजीबीमध्येच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) पूर्ण करते आणि सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) रूपांतर शेवटी, ठरलेल्या प्रोफाइलने करते, कारण एकदा गमावलेला रंग परत आरजीबीत नेऊन मिळत नाही. निळ्या रंगाबाबत विशेष सावध राहावे: मॅजेंटा सायनच्या बरोबरीला आली, की निळा जांभळट होतो, म्हणून त्यांत मी किमान ३० टक्क्यांचे अंतर ठेवते. एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची एकूण बेरीजही तपासावी लागते. आर्ट पेपरवर ती ३०० टक्क्यांच्या आत असलेली बरी, तर वर्तमानपत्री कागदावर २४०च्या आसपास थांबावे. अन्यथा शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यातल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

मजकुराच्या काळ्या रंगाकडे नवखे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आरजीबीतला काळा रूपांतरित झाला, की चार शायांत विभागला जातो. मग यंत्रावर प्रत्येक शाईच्या स्वतंत्र प्लेटची जुळणी केसभर जरी हलली, तरी देवनागरीची शिरोरेषा, वेलांट्या आणि अनुस्वार यांच्या कडांना रंगीत झालर दिसते व बारीक टंक वाचवत नाही. म्हणून मजकूर केवळ १०० टक्के काळ्या शाईत ठेवावा आणि त्याला ओव्हरप्रिंट द्यावे, म्हणजे खालचा रंग न कापता तो त्यावरच छापला जातो. मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र थोडी सायन जोडल्यास खोली येते. अंकाच्या नावासाठी सोनेरी रंग हवा असेल, तर तो चार शायांतून साधत नाही. त्याला स्वतंत्र पाचवी शाई किंवा फॉइल (दाबून चिकटवलेला चकचकीत पातळ थर) लागते आणि तो खर्च प्रकाशकाला आधीच सांगावा.

छायाचित्रे छापण्याच्या आकारात ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल) असावीत, व्हॉट्सॲपवरून आलेली शक्यतो नाकारावीत, आणि चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेले चित्र, सोडावे. फाइल पीडीएफ/एक्स-४ मध्ये द्यावी की जुन्या पीडीएफ/एक्स-१ए मध्ये (दोन्ही छपाईसाठीचे पीडीएफचे प्रमाणित प्रकार), हे छापखान्याच्या यंत्रणेवर अवलंबून असते.

मुखपृष्ठाचे प्रूफ (छपाईआधीची नमुना प्रत) शक्यतो प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या कागदाची छटा धरून काढून घ्यावे आणि ५००० केल्विनच्या प्रमाणित दिव्याखाली पाहावे, कारण साध्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. छपाई सुरू होताना स्वतः मशीनपाशी उभे राहावे, मॅपलिथोवरची ओली शाई वाळल्यावर फिकी पडते हे धरूनच मशीनमनशी बोलावे, आणि पसंत पडलेल्या कागदावर सही करून तो त्यांच्याजवळ ठेवावा, म्हणजे पुढच्या फॉर्मांची (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचांची) शाई त्याच्याशी ताडून लावता येते.