फोटोग्राफीचं पहिलं वर्ष: एक मंडई, एक लेन्स

पुण्यात राहून फोटोग्राफी मनापासून शिकायची असेल, तर पहिलं वर्षभर भिगवणला जाऊ नका. कॅमेरा हातात आला की पहिल्याच हिवाळ्यात सगळे सोलापूर रस्त्याने उजनीच्या फुगवट्याकडे निघतात, फ्लेमिंगो टिपायला. जागा सुरेखच आहे. पण ती शंभरेक किलोमीटरवर असल्याने वरचेवर जाणं होत नाही. पक्षी लांब असतात, म्हणून किमान 400 मिमीची लेन्स हवी. आणि नावेतल्या शेजाऱ्याला जो फोटो मिळतो, जवळपास तोच तुम्हालाही मिळतो. नवशिक्याला हवी असते ती पुन्हा पुन्हा जाता येईल अशी जागा, घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवरची. कुणाला वेताळ टेकडी जवळ पडेल, कुणाला पाषाण तलाव. मी शुक्रवार पेठेत राहते, बँकेत नोकरी करते. मोकळा वेळ म्हणजे सकाळी कामावर निघेपर्यंतचा आणि रविवारचा. म्हणून मी महात्मा फुले मंडई धरली, आणि फोटोग्राफीतलं मला जे काही येतं त्यातलं बहुतेक तिथेच शिकले.

1886 साली उभी राहिलेली ही दगडी इमारत, मधोमध आठकोनी मनोरा. बाहेर उघड्यावर जमिनीवर मांडलेली भाजी, आत गाळ्यांची रांग आणि गाळ्यांवर लटकणारे दिवे. फोटो काढणाऱ्यासाठी इथलं मोठं धन म्हणजे चार पावलांत बदलणारा उजेड. बाहेर लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/16 (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग ठेवला की फोटो बरोबर येतो. हा जुना ठोकताळा आजही चालतो. आत शिरून एखाद्या अंधाऱ्या गाळ्यासमोर उभं राहिलं, तर आयएसओ 1600, एफ/2.8 आणि 1/125 लागतं. हा फरक जवळपास नऊ स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे उजेड चारशे-पाचशे पटींनी कमी झालेला असतो. डोळे इतक्या चटकन जुळवून घेतात की आपल्याला ते जाणवतच नाही. कॅमेऱ्याला मात्र लगेच कळतं. म्हणून पहिले काही रविवार कॅमेरा मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे असे, ठेवून नुसतं आत-बाहेर करा. आधी अंदाज बांधा, मग कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बघा. छिद्र, शटर आणि आयएसओ यांचं नातं कितीही व्हिडिओ पाहून हातात बसत नाही, या फेऱ्यांनी बसतं.

तिथेच रंगांचंही कळतं. दारातून येणारा दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर), गाळ्यातला पिवळा दिवा 3000च्या आसपास. विक्रेत्याच्या एका गालावर निळसर आणि दुसऱ्यावर पिवळसर झाक दिसते ती त्यामुळे. दोन्ही एकदम सुधारायला जाऊ नका. चेहऱ्यावर ज्या उजेडाचा जोर जास्त, त्याला धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगाची जुळणी) ठेवा आणि दुसरा रंग राहू द्या. मला तर मंडईचा खरा रंग त्या मिश्रणातच दिसतो.

एकच जागा धरली की ऋतू दिसायला लागतात. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मे महिन्यात साडेबाराच्या सुमारास बाहेर बसलेल्या माणसाचा फोटो काढून पाहा: डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, नाकाखाली सावली. डिसेंबरच्या अखेरीस त्याच वेळी सूर्य क्षितिजापासून 48 अंशांच्या आसपासच असतो, आणि भर दुपारीही चेहऱ्यावर तिरपा, देखणा उजेड मिळतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम उरका किंवा वर आभाळ मोकळं असलेल्या सावलीत माणसं शोधा. पालेभाजीच्या जुड्यांसाठी मात्र आषाढ-श्रावणातलं ढगाळ आभाळच हवं. सावल्या विरतात, आणि हिरव्याच्या जितक्या छटा तेव्हा दिसतात तितक्या एरवी दिसत नाहीत.

आता माणसांबद्दल. कॅमेरा आधी पिशवीतच असू द्या. भाजी घ्या, बोला, मग विचारा, "मावशी, एक फोटो काढू का?" सकाळी लवकर गेलात तर बरेचदा उत्तर येईल, "भवानी तर होऊ दे." ते ऐका, थांबा. कुणी नको म्हटलं तर नकोच. लांबून झूम लावून चोरून काढलेला फोटो माझ्या मते ठेवण्याच्या लायकीचा नसतो. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारूनच काढावा. आणि पुढच्या खेपेला प्रिंट घेऊन जा, चार बाय सहाची साधी प्रिंट. एका मावशींनी त्यांची प्रिंट काट्यामागच्या खांबाला चिकटवली, तेव्हापासून शेजारचे गाळेवाले मला आपणहून हाक मारू लागले.

साहित्याला फार पैसे लागत नाहीत. वापरलेला एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा आणि 35 मिमी एफ/1.8 ही लेन्स वर्षभराला पुरते. जुनी वस्तू घेताना शटरची किती वेळा उघडझाप झाली आहे ते विचारा आणि लेन्समधून टॉर्च मारून आत जाळीसारखी बुरशी आहे का ते पाहा. झूम लेन्स असेल तर ती 35 वर ठेवा आणि हलवू नका. जवळ जायचं तर पायांनी.

बुरशीचं मनावर घ्या. जून ते सप्टेंबर पुण्याची हवा लेन्ससाठी वाईट. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ओल धरून राहते, म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. काटा 40 ते 50 टक्क्यांमध्ये राहिला की चिंता नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कॅमेरा रोज वापरणं.

फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. मंडईतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातला तपशील वर काढताना हा फरक दिसतो. रॉ फोटोंवर काम करायचं डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे.

शनिवारवाडा आणि पाताळेश्वर पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते. लष्कराच्या हद्दीत कॅमेरा काढूच नका.

वर्षभर एका जागेवर हात बसला की पालख्यांना जा. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला थांबतात: ज्ञानेश्वर माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. बहुतेक कॅमेरे मिरवणुकीवर आणि दिवे घाटाच्या वळणांवर असतात. मला मुक्कामाचा दिवस जास्त मोलाचा वाटतो. शाळांच्या पडव्यांमध्ये आणि मंडपांखाली वारकरी पाय दाबत बसलेले असतात, कपडे वाळत असतात, कुणी टाळाची दोरी नव्याने ओवत असतं. तिथला उजेड मंडईसारखाच, अर्धा आत अर्धा बाहेर, त्यामुळे हात अडखळत नाही. "माउली, फोटो काढू का?" एवढं विचारून शेजारी बसावं. अंघोळीच्या जागांकडे कॅमेरा वळवायचा नाही.

मधूनमधून बालगंधर्वच्या कलादालनात छायाचित्रांचं प्रदर्शन असतं, ते चुकवू नका. भिंतीवरची मोठी प्रिंट आणि मोबाइलवर अंगठ्याने सरकवलेला फोटो यांत फार अंतर आहे. शिस्तशीर शिक्षण हवं असेल तर विधी महाविद्यालय रस्त्यावरची एफटीआयआय ही चित्रपट-शिक्षण संस्था छायाचित्रणाचे छोटे अभ्यासक्रम घेते. पण कॅमेरा हातात रुळल्यावर गेलात तर विचारायला प्रश्न तुमच्याकडे असतील.

वर्षअखेरीला आपल्या फोटोंतले वीस निवडा आणि प्रिंट काढा. घरात फरशीवर मांडा. फोटोग्राफीशी संबंध नसलेल्या कुणाला तरी, आईला किंवा शेजारच्या काकांना बोलवा आणि सांगा, यातले दहा उचलून बाजूला करा. कारण विचारू नका, वाद घालू नका. राहिलेले दहा आठवडाभर तसेच समोर ठेवा आणि पुढच्या वर्षी कशाचे फोटो काढायचे ते त्यावरून ठरवा.